‘हाची’ : एका भांड्याचे नाव

(संस्थेच्या विद्यार्थी अभ्यासवर्गात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी वक्त्यांनी स्वतः लिहून दिले आहे.)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘जपानी भाषेची ओळख’ असा छापला आहे. कार्यकर्त्यांनी मोठ्या प्रेमाने तो दिला, परंतु एका तासात भाषेची ओळख करून देतो असे म्हणणे म्हणजे तुमची फसवणूक होईल. मी स्वतः तीस-पस्तीस वर्षे ह्या भाषेच्या दारात उभा आहे. अजून माजघरात गेलेलो नाही. म्हणून अध्यक्षांची परवानगी घेऊन मी विषय लहान केला आहे. आज मी तुम्हाला एकच शब्द शिकवणार आहे. तो एका भांड्याचे नाव आहे. शब्द आहे ‘हाची’.

मराठी माणसाच्या कानाला ‘हाची’ म्हणजे ‘हाच’ असे वाटते. तसे नाही. दोन्ही अक्षरे आखूड उच्चारायची, आणि ‘च’ चिवड्यातला, चाकातला नव्हे. हाची म्हणजे थाळीपेक्षा खोल आणि रुंद तोंडाचे भांडे. आपल्याकडे वाडगा म्हणतो तसे काहीसे. जपानी घरात थाळीला ‘सारा’, भात खाण्याच्या वाटीला ‘चावान’, आमटीसारख्या पातळ सुपाच्या वाटीला ‘वान’, भातावर कालवण घालून देतात त्या मोठ्या वाडग्याला ‘दोम्बुरी’, आणि भाजी, कोशिंबीर, लोणचे ज्यात वाढून मधोमध ठेवतात ते ‘हाची’. शिकणाऱ्यांच्या पहिल्या पुस्तकात सहसा चावान येतो, सारा येते, जेवणाच्या काड्या ‘हाशी’ येतात. हाची मागाहून येतो. माझ्याकडे मात्र तो फार लवकर आला, आणि फजिती घेऊन आला.

१९८६ साली मी ज्या कारखान्यात नोकरीला होतो त्या कारखान्याने आम्हा चौघांना यंत्रांच्या देखभालीचे शिक्षण घेण्यासाठी सहा महिने जपानला पाठवले. नागोयाजवळच्या एका लहान गावात आमची राहण्याची सोय एका वृद्ध बाईंच्या घरी होती. त्यांना आम्ही ‘ओबासान’ म्हणत असू, म्हणजे मावशी-काकू. मला तेव्हा जपानी म्हणून येत होते ते एक ते दहा आकडे, ‘आरिगातो’ आणि यंत्राच्या चार-पाच भागांची नावे. एका संध्याकाळी ओबासान शेगडीपाशी होत्या. त्यांचे दोन्ही हात गुंतले होते. मला म्हणाल्या, “हाची, तोत्ते.” ‘तोत्ते’ म्हणजे ‘काढून दे’, हे मला हातवाऱ्यांवरून कळले. आणि ‘हाची’ मला चांगलाच पाठ होता, कारण जपानीत आठ ह्या आकड्याला हाची म्हणतात. मी कपाटातून मोजून आठ थाळ्या काढल्या आणि ओट्यावर मांडल्या.

ओबासान एवढ्या हसल्या की त्यांना पदर नव्हता म्हणून, नाही तर तोंडाला लावला असता. मग हात पुसून त्यांनी स्वतः कपाटातून एक निळसर मातीचा वाडगा काढला, माझ्यासमोर धरला आणि शाळेतल्या बाईंसारखे सावकाश म्हणाल्या, “हाची.” हा हाची निराळा, आठाचा हाची निराळा. पुढे कळले की मधमाशीलाही हाचीच म्हणतात. शिवाय आठ थाळ्या मागायच्या तर जपानी माणूस नुसते ‘हाची’ म्हणत नाही. चपट्या वस्तू मोजताना ‘हाचिमाई’ म्हणतो. पण हे सगळे व्याकरण मला त्या वेळी कुठले ठाऊक? रात्री वहीत लिहिले : हाची = वाडगं.

पुढे पुण्याला आल्यावर संध्याकाळच्या वर्गात रीतसर जपानी शिकू लागलो. शब्दांच्या चिठ्ठ्या करायच्या आणि बसमध्ये घोकायच्या, ही आमची पद्धत. तिसऱ्या वर्षी वाचनालयात एक जाडजूड शब्दकोश चाळताना ‘हाची’ दिसला. जुना ओळखीचा माणूस भेटावा तसे वाटून मी थांबलो. अर्थाच्या आधी व्युत्पत्ती दिली होती. मूळ शब्द : संस्कृत ‘पात्र’.

मी दोनदा वाचले. मग कोश तसाच उघडा ठेवून बराच वेळ बसून राहिलो.

का बसून राहिलो ते सांगतो. आमच्या घरात ‘पात्र’ हा शब्द नव्हता. घरात वाडगं होतं, परळ होतं, गाडगं होतं, जर्मनची ताटली होती. माझ्या आजीने आयुष्यात कधी एखाद्या भांड्याला पात्र म्हटले नाही. तो शब्द देवळातला, पोथीतला, सोवळ्याच्या पळी-पंचपात्रीतला. गावच्या हॉटेलात आमच्या माणसांसाठी एक कान तुटलेला कप बाहेर वळचणीला खोचलेला असे. आपणच काढायचा, चहा वरून ओतून घ्यायचा, आपणच विसळून पुन्हा खोचायचा. त्या कपालाही कोणी पात्र म्हटले नसते. मला ‘पात्र’ हा शब्द पहिल्यांदा खऱ्या अर्थाने भेटला तो शिष्यवृत्तीच्या यादीत, आणि तोही ‘अ’ लावून. एक दाखला कमी होता म्हणून माझ्या अर्जावर एका कचेरीने ‘अपात्र’ असा शिक्का मारला होता. आणि इकडे हा शब्द समुद्रापलीकडच्या एका म्हातारीच्या स्वयंपाकघरात, लोणचे वाढायच्या वाडग्याचे नाव होऊन बसला होता. तिने तो मला दोन वर्षांच्या मुलाला शिकवावा तसा शिकवला होता.

आता हा शब्द तिथे पोहोचला कसा? तो भिक्खूंच्या हातातून गेला. पालीत पात्राला ‘पत्त’ म्हणतात हे आपल्याला ठाऊक आहे. तीन चीवरांबरोबर भिक्खूजवळ जे असावे लागते ते पत्त. बौद्ध ग्रंथांची चिनी भाषांतरे झाली तेव्हा भाषांतरकारांनी ह्या शब्दाचे भाषांतर न करता उच्चारच चिनी अक्षरांत उतरवला. तीन अक्षरे लागली. वापरता वापरता मागची दोन गळाली आणि पहिले राहिले. त्याचा त्या काळचा उच्चार साधारण ‘पत्’ असा होता. सहाव्या शतकात, जपानी ग्रंथांत ५३८ किंवा ५५२ असे साल सांगतात, कोरियाच्या मार्गाने बौद्ध धम्म जपानमध्ये पोहोचला आणि धम्माबरोबर त्याच्या वस्तूही. जपानी जिभेला शब्दाच्या शेवटी ‘त्’ ठेवता येत नाही. तिने शेवटी ‘इ’ जोडला : ‘पति’. जपानीत ‘ति’चा ‘चि’ होतो : ‘पचि’. आणि त्या भाषेत शब्दाच्या आरंभीचा जुना ‘प’ आधी ‘फ’सारखा झाला व शेवटी ‘ह’ झाला. म्हणून ‘हाची’.

हे मी केवळ गंमत म्हणून सांगत नाही. विद्यार्थ्यांना ह्याचा रोजचा उपयोग आहे. जपानीत दोन शब्द जोडले की दुसऱ्याचे पहिले व्यंजन पुष्कळदा बदलते. ‘क’चा ‘ग’ होतो, ‘त’चा ‘द’ होतो. आपल्याला हे नवीन नाही. जगत् आणि ईश मिळून जगदीश होतो, वाक् आणि ईश मिळून वागीश. पण जपानीत ‘ह’चा ‘ब’ होतो, आणि इथे मुले अडतात. फुलझाडाची कुंडी ‘उएकिबाची’, सोनेरी मासे ठेवायचे काचेचे भांडे ‘किंग्योबाची’, छोटी वाटी ‘कोबाची’. हाचीचे बाची कसे झाले? वर्गात मी पाठ करायला सांगितले असते तर तुम्ही पाठ केले असते आणि परीक्षेनंतर विसरला असता. पण हा ‘ह’ मुळात ‘प’ आहे हे एकदा कळले की क-ग, त-द ह्यांच्या रांगेत प-ब आपोआप जाऊन बसतो. तो जुना ‘प’ अजूनही कुठे कुठे डोके वर काढतो. भिक्खूच्या लोखंडी पात्राला जपानीत ‘तेप्पात्सु’ म्हणतात. तेथे ‘पात्सु’ म्हणजे आपले पात्रच. दीड हजार वर्षांनी अजून ‘प’ घेऊन बसलेले. हाची आणि हात्सु हे एकाच चिन्हाचे दोन उच्चार आहेत, कारण चीनहून ते दोन निरनिराळ्या काळांत आले. भिक्षाटनाला म्हणतात ‘ताकुहात्सु’.

लिहिताना ह्या चिन्हाच्या डाव्या अंगाला ‘धातू’ची खूण आणि उजव्या अंगाला ‘निहोन’, म्हणजे जपान, ह्या शब्दातले दुसरे अक्षर दिसते. त्यातून अर्थ काढू नका. आठवणीची खूण म्हणून वापरा. रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या २१३६ चिन्हांत हे चिन्ह आहे.

पात्र आपल्याकडेही घरातून बाहेर पडून फिरले. नदीचे पात्र झाले, नाटकातले पात्र झाले, दानास पात्र झाले. जपानमध्ये मात्र ते भिक्खूच्या हातातून उतरले आणि सरळ घरात शिरले. काही वापर पाहा. कोळशाची ऊब घेण्याची शेगडी म्हणजे ‘हिबाची’, हि म्हणजे विस्तव. पूर्वी तिच्यात राख भरून वर निखारे ठेवत आणि घरातली माणसे हात शेकत बसत. आता विजेची आणि रॉकेलची साधने आल्यामुळे ती दिसत नाही. अमेरिकेत मात्र तेच नाव मांस भाजायच्या जाळीच्या शेगडीला चिकटले. भात काढून ठेवायच्या लाकडी भांड्याला म्हणतात ‘ओहाची’. ते पंगतीत फिरत फिरत आपल्यापुढे आले की आपली वाढून घेण्याची पाळी. त्यामुळे ‘ओहाची फिरून आला’ म्हणजे ‘आता तुझी पाळी’ असा वाक्प्रचार झाला. हल्ली तो बहुतेक नकोशा कामाची पाळी आली की वापरतात, हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक. परीक्षेला बसणारी जपानी मुले, मिरवणुकीत खांदा देणारी माणसे कपाळाभोवती पांढरी पट्टी बांधतात, ती तुम्ही चित्रांत पाहिली असेल. तिचे नाव ‘हाचिमाकी’, म्हणजे हाचीला गुंडाळलेले. इथे हाची म्हणजे डोके! पालथ्या वाडग्यासारखी कवटी म्हणून. आपल्याला हसू येईल, पण आपल्या भाषेत तरी काय आहे? संस्कृतात ‘कपाल’ म्हणजे कवटीही आणि भिक्षेचे भांडेही. आपण त्याचे कपाळ केले. माणसाला आपले डोके भांड्यासारखे दिसते, ह्यावर दोन्ही देशांचे एकमत आहे.

जपानी कथावाङ्मयात हाचीला मोठे स्थान आहे. सगळ्या कथा सांगायला वेळ नाही, एकच सांगतो, कारण ती आपल्या देशाला येऊन मिळते. ‘ताकेतोरी मोनोगातारी’ ही जपानी गद्यातली अगदी जुनी कथा, सुमारे ११०० वर्षांपूर्वीची. बांबूच्या पेरात सापडलेली कागुयाहिमे नावाची मुलगी मोठी होते आणि पाच थोर घराण्यांतले पुरुष तिला मागणी घालतात. ती प्रत्येकाला अशक्य वस्तू आणायला सांगते. पहिल्याला सांगते, भगवान बुद्धांचे दगडी पात्र आण, ते तेनजिकूमध्ये आहे. तेनजिकू म्हणजे भारत. दगडी का? कारण बोधीनंतर तपस्सु आणि भल्लिक ह्या व्यापाऱ्यांनी भगवंतांना पहिले अन्न दिले तेव्हा चार लोकपालांनी दगडाची पात्रे अर्पण केली, असे महावग्गात आहे. हा राजपुत्र हिशेबी. एवढ्या लांब जाऊनही मिळणार नाही, असा विचार करून तो तीन वर्षे घरीच दडून बसतो, मग यामातो प्रांतातल्या एका डोंगरी मंदिरातून बिंझुरूच्या मूर्तीपुढचे काजळीने काळे झालेले पात्र उचलतो आणि रेशमी पिशवीत घालून आणून देतो. खऱ्या पात्राला तेज असायला हवे. ह्यात काजव्याएवढाही उजेड नाही. ते परत केले जाते, आणि तो ते दारातच टाकून देऊन पुन्हा मागणी घालतो. जुन्या लिपीत ‘हाची’ आणि ‘हाजी’ एकसारखेच लिहीत. हाजी म्हणजे लाज. पात्र टाकले म्हणजे लाज टाकली, असा श्लेष त्या कथाकाराने साधला आहे.

आता हा बिंझुरू कोण? आपला पिंडोल भारद्वाज. चुल्लवग्गात त्याची गोष्ट आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने चंदनाचे पात्र उंच बांबूवर टांगले आणि जो ऋद्धिबलाने काढील त्याचे ते, असे जाहीर केले. पिंडोलाने हवेत उडून ते काढले. लोकांनी जयजयकार केला. भगवंतांनी मात्र एका लाकडी भांड्यासाठी चमत्कार दाखवलास म्हणून त्याची निर्भर्त्सना केली, ते पात्र फोडायला लावले आणि नियम केला की पात्र दोनच प्रकारचे असावे, लोखंडाचे किंवा मातीचे. जपानी मंदिरांत बिंझुरूची मूर्ती सभागृहाच्या बाहेर असते. ह्याच चुकीमुळे त्याला बाहेर बसवले, असे तिथले लोक सांगतात. नारा येथील तोदाइजीमध्ये अशी मोठी लाकडी मूर्ती आहे. आपला जो अवयव दुखतो तोच मूर्तीचा चोळायचा अशी तिथली समजूत. हे मला पटत नाही, आणि पिंडोलालाही आता पटले नसते. परंतु त्या कथाकाराने चोरलेले पात्र नेमके पिंडोलापुढून उचललेले दाखवावे, ह्यात मला मोठी मौज वाटते.

भगवंतांचे म्हणून दाखवले जाणारे पात्र पाचव्या शतकाच्या आरंभी फाहियानने पुरुषपूर, म्हणजे आजचे पेशावर, येथे पाहिले. त्याने लिहून ठेवले आहे की गरिबाने थोडी फुले टाकली तरी ते भरते आणि श्रीमंताने हजारो मापे फुले ओतली तरी भरत नाही. फाहियानने ऐकले ते लिहिले. मला त्या गोष्टीपेक्षा विनयातला साधा नियम अधिक मोलाचा वाटतो : पात्राला पाच सांधे होईपर्यंत नवे मागायचे नाही. आणि सपदानचारिकाचे धुतांग : भिक्षेला निघाल्यावर घरे ओळीने घ्यायची, मधले एकही घर वगळायचे नाही. माझी आजी ज्या गल्लीत राहत होती ती गल्ली गाव वगळून जात असे. म्हणून हे धुतांग प्रथम वाचले तेव्हा मी ते आईला मोठ्याने वाचून दाखवले. आई म्हणाली, “म्हंजी आपल्या दारीबी आले असते.”

इथे एक सावधगिरी सांगतो. व्युत्पत्तीची गोडी लागली की माणूस बहकतो. जपानी भाषा संस्कृतातून निघाली असे म्हणणारे लोक मला भेटले आहेत. ते साफ चूक आहे. ती स्वतंत्र भाषा आहे; तिची वाक्यरचना, क्रियापदे, नम्रतेचे प्रकार, सारे तिचे स्वतःचे. आपले काही शब्द तिथे पाहुणे म्हणून गेले आणि घरचे झाले, एवढेच. नवऱ्याला बायका ‘दान्ना’ म्हणतात, तो दानपतीतला ‘दान’. सुशीच्या दुकानात भाताला ‘शारी’ म्हणतात, ते ‘शरीर’, म्हणजे धातू-अवशेष. पांढऱ्या कणांच्या साम्यावरून. असे शब्द मोजकेच. त्यांच्या जोरावर छाती फुगवायला जाल तर ओबासानच्या ओट्यावर आठ थाळ्या मांडाल.

शब्द शिकावा कसा, असे आपल्या वर्गातली मुले विचारतात. मोबाइलवर आज याद्या भरपूर आहेत आणि त्या वाईट नाहीत. पण घरातल्या वस्तूचा शब्द शिकायचा तर वस्तू हातात घ्यावी. तिच्यात काय ठेवतात, कोण धुते, ती फुटली तर काय करतात, हे विचारावे. नागपूर-कामठीकडे आणि बोधगयेला जपानी उपासक येतात. त्यांच्याशी बोलायला मोठ्या विषयाची वाट पाहू नका. समोरच्या वाडग्याकडे बोट दाखवून “कोरे वा नान देसु का,” हे काय आहे, एवढे विचारले तरी संभाषण सुरू होते.

निघताना ओबासानने मला एक ‘सुरीबाची’ भेट दिला. सुरी म्हणजे वाटणे. हा मातीचा खोलगट हाची, बाहेरून चकचकीत आणि आतून खरबरीत. आत कंगव्याने ओढल्यासारख्या रेघा असतात. लाकडी दांडक्याने त्यात भाजलेले तीळ वाटतात. आपण खलबत्त्यात कुटतो, ते गोल गोल घोटतात. तिथे एखाद्याची खुशामत करण्याला ‘तीळ वाटणे’ म्हणतात, आपण लोणी लावतो तसे. दुसऱ्या महायुद्धात १९४५ साली इवोजिमा बेटावरच्या ज्या डोंगरासाठी एवढे रक्त सांडले त्याचे नाव सुरीबाचीच, आकारावरून पडलेले.

तो मी आज बरोबर आणला आहे. माझी आई शेवटपर्यंत त्यात तिळाची चटणी वाटायची. तिला हाची म्हणता येईना. ती त्याला ‘जपानचं वाडगं’ म्हणायची. भाषण संपल्यावर तो इथे टेबलावर राहील. मुलांनी रांगेने यावे, आतल्या रेघांवरून बोट फिरवून पाहावे. फक्त कडेला एक टवका गेला आहे, तिथे सांभाळून.